माल किती कोटींचा पकडला ते छापून येतं. खटल्याचं पुढे काय झालं?

रुजुवात
सत्र न्यायालयात एनडीपीएसचे, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचे खटले बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. आधी सरकारी वकिलांची सहायक म्हणून, आता आरोपींच्या बाजूने. दोन्ही बाजूंनी हाच कायदा हाताळल्यावर जे मनात साचलंय ते इथे मांडते आहे. विरोध असेल तर जरूर करा, त्यासाठीच धागा काढलाय.

अमली पदार्थांविरुद्धची आपली लढाई कोटींच्या आकड्यांत सांगितली जाते. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात दोन कंटेनरमधून जवळपास तीन हजार किलो हेरॉइन निघालं. कागदोपत्री ते अफगाणिस्तानातून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेले टाल्कचे दगड होते. किंमत सांगितली गेली २१ हजार कोटी. हा आकडा अजून लोकांच्या तोंडी आहे. अशा मोठ्या जप्तीनंतर खटला कुठवर आला, किती साक्षीदार तपासून झाले, हे मात्र कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. शिवाय ती किंमत म्हणजे बाजारभावाचा अंदाज असतो, आणि तो बहुतेक वेळा जप्त करणारी यंत्रणाच काढते.

थोडं कायद्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. इंग्रजांच्या काळातले अफूचे कायदे आणि १९३० चा घातक औषधांचा कायदा मोडीत काढून १४ नोव्हेंबर १९८५ पासून एनडीपीएस कायदा लागू झाला. पुढच्या मार्चमध्ये एनसीबी, म्हणजे केंद्राची अमली पदार्थविरोधी यंत्रणा, स्थापन झाली. १९८९ मध्ये कायदा आणखी कडक केला: कलम ३७ खाली जामीन जवळपास अशक्य, पुन्हा तोच गंभीर गुन्हा केला तर थेट फाशी. ती फाशी सक्तीची ठेवता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं आणि २०१४ च्या दुरुस्तीत ती ऐच्छिक झाली. गुन्हा किती मोठा हे मालाच्या वजनावर ठरवायची पद्धत २००१ मध्ये आली. पण एक गोष्ट आजही तशीच आहे: माल तुमच्या ताब्यात सापडला हे सिद्ध झालं, की पुढे निर्दोषत्व तुम्ही सिद्ध करायचं. इतर फौजदारी कायद्यांत असं सहसा नसतं.

इतके अधिकार दिले म्हणून संसदेने त्याच कायद्यात बंधनंही घातली. खबर मिळाली की ती आधी लिहून काढायची आणि ७२ तासांच्या आत वरिष्ठांकडे पाठवायची, हे कलम ४२. अंगझडती घेण्याआधी, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती व्हावी हा तुझा हक्क आहे, असं त्या माणसाला सांगायचं, हे कलम ५०. जप्तीचा पूर्ण अहवाल ४८ तासांत वरिष्ठांना द्यायचा, हे कलम ५७. मालाची यादी, फोटो, नमुने हे सगळं दंडाधिकाऱ्यांसमोर, हे कलम ५२अ. आणि माल जप्त झाल्यापासून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कोणाकोणाच्या हातातून गेला याची अखंड साखळी.

खटले हरतात ते इथे. स्टेशन डायरीतली वेळ आणि पंचनाम्यातली वेळ जुळत नाही. मुद्देमाल कारकुनाच्या नोंदवहीत सीलचा उल्लेखच नाही. नमुना प्रयोगशाळेत कोणी नेला ते सांगायला तो शिपाई साक्षीला येत नाही. एकच पानटपरीवाला चार-चार गुन्ह्यांत पंच असतो आणि उलटतपासणीत तिसऱ्याच प्रश्नाला कोसळतो. अंगझडतीच्या आधी हक्क सांगितला की नाही, यावर तर १९९९ मध्ये बलदेवसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट बजावलंय की न सांगता घेतलेल्या झडतीत सापडलेल्या मालावरच शिक्षा उभी असेल, तर ती टिकणार नाही. इतकी वर्षं झाली, अजून तीच चूक होते.

परिणाम दुहेरी आहे. खरा तस्कर चांगला वकील लावतो, याच फटींतून बाहेर पडतो. आणि पिशवी पोचवून दे म्हणून चार पैशांसाठी पाठवलेला पोरगा जामिनाविना आत बसतो, कारण पिशवीतलं वजन व्यापारी मात्रेचं असतं. कधी कधी निर्दोष सुटेपर्यंत त्याची तरुण वर्षं संपलेली असतात. मी दोन्ही पाहिलंय आणि दोन्हीचा राग येतो.

माझं म्हणणं एवढंच: यशाचं माप बदला. किती किलो धरलं याच्याबरोबर, त्या जप्तीत किती जणांविरुद्ध शेवटपर्यंत गुन्हा शाबीत झाला आणि ते साखळीत कुठल्या पायरीवरचे होते, हे जाहीर झालं पाहिजे.

तळेगावकर
ताई, कळकळ पोचली, पण पूर्ण सहमत नाही. जप्तीला तुम्ही कमी लेखताय. मे २०२३ मध्ये कोची किनाऱ्यापलीकडे नौदल आणि एनसीबीने अडीच हजार किलोंहून जास्त मेथ, म्हणजे मेथॅम्फेटामिन, पकडलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पोरबंदरच्या समुद्रात ३३०० किलो माल, त्यातला बहुतांश चरस. नोव्हेंबर २०२४ मध्ये अंदमानजवळ तटरक्षक दलाने म्यानमारच्या बोटीतून साडेपाच-सहा टन मेथ उतरवलं. हा माल किनाऱ्याला लागला असता तर? समजा खटला दहा वर्षं चालला, आरोपी सुटलेही; तरी ते विष गल्लीत आलं नाही ना? मला बाप म्हणून तेवढंही पुष्कळ वाटतं.

दुसरं, आपल्या देशाची जागा बघा. पश्चिमेला अफगाणिस्तान-पाकिस्तान-इराण, पूर्वेला म्यानमार-लाओस-थायलंड. अफूचे जगातले दोन सगळ्यांत मोठे पट्टे आपल्या दोन बाजूंना. पंजाबात सरहद्दीपलीकडून ड्रोनने पाकिटं पडतात, मिझोरम-मणिपूरच्या डोंगरांतून डोक्यावरून गोण्या येतात. तिथे उभा असलेला जवान पंचनाम्यातल्या मिनिटांचा हिशेब ठेवू शकेल का?

रुजुवात
तळेगावकर, समुद्रात माल अडवला ते उत्तमच, त्यात दुमत नाही. पण ती बोट कोणी भरली, पैसे कुठल्या खात्यातून गेले, इकडे माल उतरवून घेणारा कोण होता? बोटीवरचे खलाशी पकडून ही साखळी तुटत नाही. पुढच्या महिन्यात दुसरी बोट दुसरे खलाशी घेऊन निघते. पंचनाम्यातल्या मिनिटांचं म्हणाल तर ती जवानाला अडवायला नाहीत. उद्या तुमच्या-माझ्या मुलाच्या सॅकमध्ये कोणी पुडी टाकली, तर तीच मिनिटं त्याला वाचवतील.

केतकी_वन
वाचतेय. व्यापारी मात्रा म्हणजे नेमकी किती? बातम्यांत नुसतं 'कमर्शियल क्वांटिटी' येतं.

रुजुवात
केतकी, प्रत्येक पदार्थाची वेगळी. गांजा एक किलोपर्यंत अल्प, २० किलोंपेक्षा जास्त असेल तर व्यापारी. चरस १०० ग्रॅम आणि एक किलो. हेरॉइन ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. कोकेन २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. एमडी म्हणजे मेफेड्रोन २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत शिक्षा, मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत, व्यापारी मात्रेला किमान दहा, कमाल वीस वर्षं आणि किमान एक लाख दंड.

यात एक गुंता आहे. पुडीत हेरॉइन दहा टक्के आणि बाकी भेसळ असेल, तर वजन कशाचं धरायचं? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, शुद्ध पदार्थाचं. २०२० मध्ये हिरासिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी तो निकाल फिरवला. आता भेसळीसकट पूर्ण वजन धरतात. कारण दिलं ते असं की रस्त्यावर शुद्ध माल विकलाच जात नाही, विष भेसळीसकटच पोटात जातं. तर्क पटतो. पण साखळीत जितकं खाली जाल तितकी भेसळ वाढते, त्यामुळे सगळ्यांत खालच्या माणसाकडचं वजन फुगतं.

भट्टीघर
एमआयडीसीत उत्पादन विभागात काम करतो, म्हणून हा प्रतिसाद. तळेगावकरांनी सांगितलेले दोन पट्टे खरेच, पण महाराष्ट्राचं आजचं दुखणं अफूचं नाही, एमडीचं आहे. एमडीला शेत लागत नाही, पाऊस लागत नाही, सरहद्द लागत नाही. एक शेड, थ्री फेज वीज, पाणी, दोन-तीन रिॲक्टर आणि रसायनशास्त्र शिकलेला एक माणूस पुरतो. मेफेड्रोनचा एनडीपीएसच्या यादीत समावेशच मुळी फेब्रुवारी २०१५ मध्ये झाला. त्याआधी मुंबईत ते म्याऊ म्याऊ नावाने सर्रास फिरत होतं आणि पोलिसांच्या हातात या कायद्याचं कलम नव्हतं.

घटना बघा. २०१६ मध्ये सोलापूरच्या एका कारखान्यात ठाणे पोलिसांना सुमारे साडेअठरा टन एफेड्रिन, म्हणजे मेथ बनवायला लागणारं रसायन, मिळालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना निघाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी शहरात पकडलेल्या माणसांचा माग काढत दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीपर्यंत मजल मारली. तिथला आणि दिल्लीतला मिळून सतराशे किलोंहून जास्त एमडी. हे सगळे कारखाने कागदावर औषधांची किंवा साधी रसायनं बनवणारे.

आमच्या वसाहतीत कोणती शेड भाड्याने गेली, कुठे रात्रपाळीलाच काम चालतं, कुठून वेगळा वास येतो, हे चहाच्या टपरीवर सगळ्यांना माहीत असतं. पण विचारायला कोणी येत नाही. कारखाना निरीक्षक येतात ते सुरक्षेसाठी, प्रदूषण मंडळ सांडपाण्यासाठी, अन्न व औषध प्रशासन फक्त परवाना असलेल्या औषध कंपन्यांकडे. बंद पडलेली, भाड्याने फिरवलेली शेड या तिघांच्याही नजरेतून सुटते. एफेड्रिन, ॲसेटिक अनहायड्राइड अशा मोजक्या रसायनांवर केंद्राचं नियंत्रण आहे: नोंदणी, खरेदी-विक्रीची विवरणं, निर्यातीला परवानगी. ते चांगलंच आहे. पण जे नियंत्रित यादीत नाही, त्यातून तोच पदार्थ बनवायची वाट शोधली जाते, आणि यादी नेहमी मागे राहते.

मला विचाराल तर एका पोलिस पथकापेक्षा, बंद शेड अचानक वीज खायला लागली की महावितरणने एमआयडीसीला आणि एमआयडीसीने जिल्हा पोलिसांना कळवायचं, एवढी साधी व्यवस्था जास्त कामाची.

रुजुवात
भट्टीघर, हा प्रतिसाद मूळ धाग्यात असायला हवा होता इतका मोलाचा आहे. तुम्ही सोलापूरचं म्हणालात, तेव्हा त्या काळातले मथळे कितीतरी लोकांना आठवतील. त्याच प्रकरणात सगळ्यांत जास्त नाव गाजलं त्या आरोपीवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केला, कारण पुरावाच पुरेसा नव्हता. आठ वर्षांनंतर. मूळ धाग्यात मी म्हणते ते हेच.

सुपारीबाग
रुजुवात ताईंचा मुद्दा मान्य करूनही एक दुरुस्ती. नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर घेतले नाहीत म्हणून सरसकट खटला कोसळतो, असं आता राहिलेलं नाही. बाकी पुरावा विश्वासार्ह असेल तर केवळ ५२अ चं पालन न झाल्याने आरोपी आपोआप सुटत नाही, असं २०२५ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. शिवाय डिसेंबर २०२२ मध्ये जप्ती, साठवण, नमुने आणि विल्हेवाट यांचे स्वतंत्र नियम आले, आणि १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे. पंच फितूर झाला तरी व्हिडिओ फितूर होत नाही. मी पोलिस खात्यातून निवृत्त झालोय, एवढीच ओळख पुरे.

खात्याची बाजूही ऐका. एका पोलिस ठाण्यात एनडीपीएसचं प्रशिक्षण झालेले किती अधिकारी असतात? रात्री अडीचला हायवेवर गाडी अडवली, आत चाळीस किलो गांजा. राजपत्रित अधिकारी शोधा, पंच शोधा, वजनकाटा शोधा, पाऊस असेल तर सीलची लाख वितळवायला जागा शोधा. पंच व्हायला सभ्य माणूस कोणी तयार नसतो, कारण त्याला माहीत असतं की पाच वर्षांनी कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतील. म्हणून तोच पानटपरीवाला परत परत येतो. त्याला नावं ठेवण्याआधी, बोलावल्यावर आपल्यापैकी किती जण पंच म्हणून उभे राहतील, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

आणि मुद्देमाल. खटला संपेपर्यंत माल सांभाळायचा म्हणजे अधिकाऱ्याची झोप जाते. पोती कुजतात, उंदीर लागतात, वजन घटतं, मग घट का झाली म्हणून चौकशी. ५२अ ची प्रक्रिया वेळेवर झाली तर खटला संपायच्या आधीच माल तळोज्याच्या भट्टीत जाळता येतो आणि कोर्टात यादी, फोटो, नमुने हाच पुरावा चालतो. २०१६ च्या मोहनलाल निकालाचा सगळा रोख त्यावरच होता: साठलेला माल परत बाजारात जाऊ नये. हे कलम आरोपीच्या भल्याचं आहे असं अधिकाऱ्यांना वाटतं. खरं तर ते त्यांच्याच भल्याचं आहे.

रुजुवात
सुपारीबाग, मनापासून आभार. २०२५ च्या निकालाबद्दल तुमचं बरोबर. पंच म्हणून उभं राहण्याचं तर शंभर टक्के खरं. सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून बोलावायची पद्धत मोठ्या गुन्ह्यांत आली आहे, ती एनडीपीएसमध्ये सर्रास व्हायला हवी.

सातपायरी
शिरपूर भागातला आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी दर हंगामात गांजाच्या शेतांवर धाड पडते. कापसात, तुरीत लावलेली झाडं उपटतात, फोटो येतात. गुन्हा कोणावर? ज्याच्या नावावर किंवा ताब्यात जमीन तो. बियाणं देणारा, आगाऊ पैसे देणारा, तयार माल गाडीत भरून नेणारा बाहेरचा असतो. त्याचं नाव शेतकऱ्याला बरेचदा खरंच माहीत नसतं, आणि माहीत असलं तर सांगायची हिंमत नसते.

आंध्र-ओडिशाच्या सीमेवरच्या पट्ट्यातही तेच. आपल्याकडे रेल्वेने, ट्रकने येणारा बराच गांजा मलकानगिरी, कोरापुट, पाडेरू त्या बाजूचा. आंध्र पोलिसांनी २०२१-२२ मध्ये परिवर्तन नावाची मोहीम काढून हजारो एकरांवरचं पीक तोडलं आणि जवळपास दोन लाख किलो गांजा एकाच ठिकाणी जाळला. त्या मोहिमेतली मला भावलेली गोष्ट वेगळी: पीक तोडताना त्याच आदिवासी शेतकऱ्यांना कॉफी, हळद, फळझाडं लावायला मदत करण्याचाही प्रयत्न झाला. आमच्याकडे नुसती उपटणी होते. पुढच्या वर्षी तोच दलाल शेजारच्या पाड्यावर जातो.

मोरवेल
व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. पुरवठ्यावर इतकं बोलणं झालं, मागणीवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

एम्सने केंद्र सरकारसाठी केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार अफूजन्य पदार्थ वापरणारे सव्वादोन कोटींच्या आसपास, आणि त्यातल्या सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज. बेकायदा पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीस जणांपैकी जेमतेम एकाला रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळतो. आमच्या दारात जो येतो तो असा विसातला एक असतो, तोही बहुतेक वेळा घरच्यांनी सगळे देव-धर्म करून झाल्यावर.

कायद्यात उपचाराची वाट आहे. कलम ६४अ म्हणतं, अल्प मात्रेच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला तर त्याच्यावर खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. कलम ३९ खाली न्यायालयही शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकतं. पण मला भेटलेल्या मुलांपैकी फारच थोड्यांना अटकेच्या वेळी हे कोणी सांगितलं होतं. मुलगा पुडीसह सापडला की त्याची नोंद आरोपी म्हणून होते, रुग्ण म्हणून नाही. तुरुंगात त्याला माल मिळवून देणारी माणसं भेटतात, आमच्यासारखी नाही.

पंजाबात २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रांतून अफूजन्य व्यसनावर बदली औषध म्हणून ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या देतात. त्यातही गैरवापराच्या तक्रारी आहेत, पण लाखो लोक नोंदले गेले, म्हणजे लोक यायला तयार आहेत. एमडीचं दुखणं वेगळं. त्याला अशी बदली गोळी नाही. तिथे फक्त माणूस, वेळ आणि घरच्यांचा धीर लागतो. आमच्याकडे तिन्हीची टंचाई.

तळेगावकर
मोरवेल, हे वाचून गप्प झालो. एक सरळ प्रश्न: घरात मुलाकडे असं काही सापडलं तर पहिल्या दिवशी काय करायचं?

मोरवेल
काका, आरडाओरडा आणि मारहाण नको, खोली कुलूपबंद करणं तर अजिबात नको. दारूची किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय एकदम तोडली तर फिट येऊन जीवाला धोका होतो, म्हणून आधी डॉक्टर. मुलगा शुद्धीत नसेल, श्वास मंद असेल तर थेट रुग्णालय, पोलिसांची भीती नंतर. एरवी १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फुकट आहे. विक्रेत्याची माहिती द्यायची असेल तर १९३३, एनसीबीची मानस हेल्पलाइन, जुलै २०२४ मध्ये सुरू झाली. नाव न सांगता माहिती देता येते.

शुश्रूषा
मी कर्करोगाच्या रुग्णांच्या वेदनाशमनाचं काम करते. कडक कायदा हवा असं म्हणणाऱ्या सगळ्यांनी एक इतिहास लक्षात ठेवावा म्हणून लिहिते.

भारत जगातल्या मोजक्या देशांपैकी एक आहे जिथे अफूची शेती कायदेशीर परवान्याने होते: मंदसौर, नीमच, चितोडगड, प्रतापगड, बाराबंकी. ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोकडून शेतकऱ्याला परवाना मिळतो, गाझीपूर आणि नीमचच्या सरकारी कारखान्यांत त्या अफूवर प्रक्रिया होते. त्यातून मॉर्फिन बनतं. आणि तरीही १९८५ नंतर भारतात मॉर्फिनचा वैद्यकीय वापर बारा-तेरा वर्षांत सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. कारण एकाच खरेदीसाठी राज्यांच्या वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने एकाच वेळी चालू असावे लागत, आणि कागदात चूक झाली तर डॉक्टरलाही दहा वर्षांची भीती. औषध दुकानांनी, रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. माणसं वेदनेने किंचाळत गेली.

केरळमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं झगडून हे सरकारपुढे मांडलं, तेव्हा कुठे २०१४ च्या दुरुस्तीत मॉर्फिनसारखी औषधं 'आवश्यक' ठरली आणि देशभर एकच परवाना पुरेसा झाला. आजही अनेक जिल्ह्यांत मान्यताप्राप्त संस्था नाही आणि रुग्णाच्या नातेवाइकांना गोळीसाठी शंभर किलोमीटर जावं लागतं. हे नातेवाईक कुठल्याच जप्तीच्या आकड्यात नाहीत.

केतकी_वन
शुश्रूषा, हे अजिबात माहीत नव्हतं. लिहिल्याबद्दल आभार.

भट्टीघर
अफूचा विषय निघाला म्हणून. तालिबानने एप्रिल २०२२ मध्ये अफूबंदी केली आणि संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत २०२३ मध्ये अफगाणिस्तानातली लागवड ९५ टक्क्यांनी घटलेली दिसली. त्याच वर्षी म्यानमार अफूच्या उत्पादनात पहिला झाला. आता अंदमानजवळ सापडलेला माल आठवा: अफू नव्हे, मेथ. पूर्वेकडून येणाऱ्या मालातही शेत मागे पडून प्रयोगशाळा पुढे येतेय. १९८५ चा कायदा मुळात शेतातला माल डोळ्यासमोर ठेवून लिहिलेला. सातपायरींनी सांगितलेला शेतकरी आणि माझ्या वसाहतीतली भाड्याची शेड, दोघांना एकच तपासपद्धत पुरणार नाही.

सुपारीबाग
त्यासाठीच वर्गवार पथकं हवीत. राज्याने अमली पदार्थविरोधी कृती दल काढलं, ते योग्य पाऊल. २०२५ मध्ये विधिमंडळाने मकोकात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, बदल करून अमली पदार्थांचे गुन्हे त्यात आणले. टोळीचा सूत्रधार गाठायला त्याचा उपयोग होईल असं मला वाटतं, कारण मकोकाखाली वरिष्ठ अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा धरता येतो.

रुजुवात
इथे मात्र माझा तुमच्याशी मतभेद आहे. एनडीपीएसच्या कलम ६७ खाली अधिकाऱ्यांनी घेतलेले जबाब कबुलीजबाब म्हणून चालणार नाहीत, असं ऑक्टोबर २०२० मध्ये तोफानसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवलं. तो निकाल आला कारण वर्षानुवर्षं खटले जबाबांवरच उभे केले जात होते; पैशाचा माग, फोनचे तपशील, कंटेनरची कागदपत्रं या कष्टाच्या कामाला बगल मिळत होती. मकोकाने ती बगल परत मिळणार असेल तर तपास सुधारणार नाही. सूत्रधारापर्यंत बँक खातं आणि मालवाहतुकीची बिलं पोचवतात. कायद्यात मालमत्ता गोठवून जप्त करण्याचं अख्खं प्रकरण १९८९ पासून आहे, ते किती खटल्यांत वापरलं गेलं ते विचारा.

सातपायरी
विचारायचं कोणाला? नुसतं इथे लिहून काय होणार?

रुजुवात
योग्य प्रश्न. २०१९ पासून एनकॉर्ड या अमली पदार्थविरोधी समन्वय यंत्रणेची चार पातळ्यांवर रचना आहे. सगळ्यांत खालची पातळी जिल्ह्याची, अध्यक्ष जिल्हाधिकारी. पोलिस, शिक्षण, आरोग्य, कृषी, वन अशी खाती एकाच टेबलावर. भट्टीघर म्हणतात तो विजेचा मुद्दा, सातपायरींचा पर्यायी पिकांचा मुद्दा, मोरवेलचा ६४अ चा मुद्दा, सगळे त्याच बैठकीत बसतात. निवेदन तिथे द्यायचं.

आणि आकडे माहिती अधिकारात मागायचे. एनसीबी आणि डीआरआयला (महसूल गुप्तचर संचालनालयाला) अर्ज करू नका. त्या दोन्ही संस्था कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत असल्याने भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाचा विषय सोडून माहिती द्यायला बांधील नाहीत. अर्ज जिल्हा पोलिस अधीक्षक किंवा आयुक्तालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. आपल्या राज्याच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मी मसुदा देते:

"गेल्या पाच कॅलेंडर वर्षांत आपल्या कार्यक्षेत्रात एनडीपीएस कायद्याखाली नोंदवलेल्या गुन्ह्यांबाबत वर्षवार माहिती द्यावी: (१) अल्प, मध्यम व व्यापारी मात्रेचे गुन्हे, (२) निकाल लागलेले खटले, पैकी शिक्षा व निर्दोष मुक्तता, (३) रासायनिक विश्लेषणाचा अहवाल प्रलंबित असलेले गुन्हे, (४) कलम ५२अ खाली दंडाधिकाऱ्यांसमोर प्रक्रिया झालेले गुन्हे, (५) कलम ६४अ खाली उपचारास पाठवलेल्या व्यक्ती, (६) प्रकरण ५अ खाली मालमत्ता गोठवलेले गुन्हे."

नावं, गुन्हा क्रमांक मागू नका, म्हणजे खाजगी माहिती म्हणून नाकारता येणार नाही.

सुपारीबाग
मुद्दा ३ मध्ये 'किती महिन्यांपासून प्रलंबित' हे जोडा. व्यापारी मात्रेत दोषारोपपत्राला १८० दिवस असतात. अहवाल त्याच्या आत येतो की नाही ते कळेल. मुद्दा २ साठी बहुधा सरकारी अभियोक्ता कार्यालयाकडे अर्ज हस्तांतरित करतील, तेव्हा तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर लगेच प्रथम अपील टाका.

सातपायरी
धुळे जिल्ह्याचा मी टाकतो, सोमवारी.

केतकी_वन
ठाण्याचा माझ्याकडे. ऑनलाइन अर्जात सहा मुद्दे एकाच विषयात धरतील का, की ५ आणि ६ साठी वेगळा अर्ज करू?

रुजुवात
५ वेगळा करा, तो आरोग्य विभागाकडे ढकलला जाण्याची शक्यता जास्त. बाकीचे एकत्र चालतील.